रिकाम्या चौकटीची हजेरी

गिरगावात आमच्या ओळखीच्या एक काकू घरगुती डबे देतात. त्यांना मी एक ऑनलाइन फॉर्म करून दिला होता. त्यात तीन चौकटी: सकाळचा डबा, रात्रीचा डबा, कांदा-लसूण नको. आठवडाभरात काकूंचा फोन आला. "अरे, तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी रात्रीचा डबा बंद केलाय म्हणतात, आणि तुझ्या यादीत रोज त्यांचं नाव! आज पुन्हा डबा परत आला."

आजोबांनी टिक काढून फॉर्म पाठवला होता. घोळ माझ्या कोडमध्ये होता.

चौकटीवर, म्हणजे चेकबॉक्सवर, टिक असली की ब्राउझर त्याचं नाव आणि किंमत (पैसे नव्हेत, त्या नावाला जोडलेली नोंद) सर्व्हरकडे, म्हणजे फॉर्म घेणाऱ्या संगणकाकडे, पाठवतो. किंमत ठरवून दिली नसेल तर नुसतं 'ऑन' जातं. टिक नसेल तर मात्र 'ऑफ' जात नाही, शून्य जात नाही, नावसुद्धा जात नाही. ही रीत आजची नव्हे, वेबपानं लिहिण्याची भाषा असलेल्या एचटीएमएलच्या 1995 च्या 2.0 आवृत्तीमध्येही हेच लिहिलेलं आहे. माझा कोड जी नावं आली तेवढ्याच नोंदी बदलायचा. 'रात्रीचा डबा' आलाच नाही, म्हणून जुना 'हो' तसाच राहिला.

वर्गात न आलेला मुलगा "गैरहजर" असं ओरडत नाही. बाईंना ते कळतं, कारण हजेरीपट त्यांच्याकडे असतो. सर्व्हरकडेही तसा पट हवा: तिन्ही नावं आपणच वाचायची, आलं त्याला 'हो', न आलेल्याला 'नाही'.

मी तसं केलं आणि नव्या खड्ड्यात पडलो. फक्त पत्ता बदलायचा एक वेगळा फॉर्म होता, त्यात चौकटीच नव्हत्या. तोही याच कोडकडे यायचा. पत्ता बदलला की माणसाचे दोन्ही डबे बंद! म्हणजे 'नको म्हणाला' आणि 'विचारलंच नाही' यांत फरक करायला हवा होता.

त्यावर जुना तोडगा आहे. चौकटीच्या आधी त्याच नावाचं एक अदृश्य फील्ड (फॉर्ममधला रकाना) ठेवायचं, किंमत 0. चौकटीची किंमत 1. टिक नसेल तर 0 एकटा जातो, असेल तर दोन्ही जातात आणि शेवटचा धरायचा. वेबसाइट बनवायच्या साधनांपैकी रेल्स हे फील्ड स्वतःच घालतं, पीएचपी ही भाषाही शेवटची किंमत ठेवते. पण पायथन भाषेतल्या अशाच दोन साधनांची, जँगो आणि फ्लास्कची, गंमत बघा: किंमत वाचायच्या साध्या 'गेट' आज्ञेने जँगोत शेवटची किंमत मिळते, फ्लास्कमध्ये पहिली. फ्लास्कमध्ये हाच तोडगा टिक असलेल्यालाही 0 देईल.

(आणि हो, चौकट 'डिसेबल' करून फिकी केली, तर त्यात टिक दिसत असूनही ती पाठवली जात नाही.)

आता काकूंना चौथी चौकट हवी आहे: उपवासाचा डबा. नव्या फॉर्ममधून 0 किंवा 1 येईल. जुन्या गिऱ्हाइकांच्या नावापुढे मात्र मी तो रकाना कोरा ठेवलाय. त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही.