एसईओ लेखन : मुक्त व्यवसाय (मराठवाडा)

गुगलसारख्या शोधयंत्रात प्रश्न टाकणाऱ्या माणसाला नेमके उत्तर मिळावे आणि ते आपल्या ग्राहकाच्या संकेतस्थळावरच सापडावे, या बेताने केलेल्या लेखनाला एसईओ (सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन) लेखन म्हणतात. नोकरी न धरता कामागणिक पैसे घेऊन ते करणारा तो फ्रीलान्स कंटेंट रायटर. त्यातही शेती, औषधनिर्माण, बांधकाम असा एखादाच विषय धरून लिहिणाऱ्याचे काम वेगळे, आणि त्याचा दरही वेगळा.

मराठवाड्यात असे विषय गावोगाव आहेत. जालन्यात बियाणे कंपन्या आणि लोखंडी सळयांचे कारखाने, लातुरात डाळ मिल आणि शिकवण्या, छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-शेंद्रा भागात वाहनांचे सुटे भाग आणि औषध कंपन्या, वसमतची हळद, पैठणची पैठणी. या धंद्यांची भाषा कानावर घेत वाढलेल्या लेखकाने ‘सर्व विषयांवर लेख लिहून मिळतील’ अशी पाटी लावणे म्हणजे स्वतःच्या हाताने भाव पाडणे होय.

एकच विषय का धरावा

पूर्वी वरवरच्या माहितीचे लेख खपत. ‘एक एकर म्हणजे किती गुंठे’ यावर आठशे शब्द लिहून वाचक मिळत. ऑगस्ट २०२४ पासून भारतात गुगल अशा प्रश्नांचे तयार उत्तर निकालांच्या माथ्यावरच देऊ लागले, त्यामुळे बरेच वाचक खालच्या दुव्यापर्यंत उतरतच नाहीत. त्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये, गुगलने आपल्या गुणवत्ता परीक्षकांच्या मार्गदर्शिकेत तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता यांच्या जोडीला ‘अनुभव’ हा निकष घातला. मार्च २०२४ मध्ये घाऊक प्रमाणात तयार केलेल्या निरुपयोगी मजकुराविरुद्ध धोरण आले. मजकूर यंत्राने लिहिला की माणसाने, याला त्यात महत्त्व नाही.

विषय येत नसला की काय घडते, ते सोयाबीनच्या एका ओळीत दिसते. पेरणीसाठी हेक्टरी सुमारे ७५ किलो बियाण्याची शिफारस असते. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर धरला तर एकरी ३० किलो. शिफारशी हेक्टरात छापल्या जातात, शेतकरी मात्र एकरात बोलतो. लेखकाने घाईत ‘एकरी ७५ किलो’ लिहिले तर बियाणे अडीचपट होते, झाडांची दाटी होते, हवा खेळत नाही, रोग वाढतो आणि बियाण्याचा खर्च अंगावर बसतो. फवारणीच्या मात्रेत हीच चूक झाली तर पीक हातचे जाते. ही ओळ वाचताच ज्याला खटकते, त्याच्या मजकुराला जास्त पैसे मिळतात आणि ते मिळायलाच हवेत.

प्रत्येक विषयाची अशी खोच आणि कायद्याची कुंपणे असतात. आयुर्वेदिक उत्पादनावर लिहिणाऱ्याला १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा ठाऊक हवा. मधुमेह, लठ्ठपणा, मुतखडा यांसारख्या आजारांवर ‘हमखास बरे करते’ असे जाहिरातीत म्हणता येत नाही. गृहप्रकल्पाच्या जाहिरातवजा पानावर महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक लागतो. ग्राहक ‘टाका हो, चालतं’ म्हणाला तरी लेखकाने असा दावा लिहू नये.

मराठी शोधशब्द

लोक शोधयंत्रात टाकतात ते शब्द म्हणजे शोधशब्द (कीवर्ड). इंग्रजीचे धडे इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. एकच प्रश्न तीन रूपांत येतो: देवनागरीत टंकून, रोमन लिपीत मराठी लिहून आणि बोलून. बोलून विचारलेला प्रश्न पूर्ण वाक्यात असतो (‘आज लातूरला सोयाबीनचा भाव काय आहे’), टंकलेला तुटक. शुद्धलेखनही फुटते. ‘पीक विमा’ आणि ‘पिक विमा’ दोन्ही टाइप होतात. गुगल बहुतेक वेळा दोन्हींचा अर्थ जुळवून घेते, तेव्हा चुकीचे रूप मुद्दाम मजकुरात पेरू नये. लेखाची पत जाते ती वेगळीच.

स्थळनामांचे तसे नाही. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावे २०२३ मध्ये अधिकृत झाली, तरी औरंगाबाद, उस्मानाबाद टाइप करणारे पुष्कळ आहेत. त्यातून औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. शीर्षकात नवे नाव, मजकुरात एकदा ‘पूर्वीचे औरंगाबाद’ आणि जवळच्या वसाहतीचा किंवा तालुक्याचा उल्लेख, एवढे पुरते. फक्त गावाचे नाव बदलून जालना, परभणी, हिंगोली अशी तीच पाने रचणे मात्र गुगलच्या धोरणाविरुद्ध आहे, आणि ग्राहक नेमके तेच मागतात. अशा वेळी एकच सकस पान करून त्यात सगळ्या गावांच्या सेवा सांगाव्यात.

शोधशब्द शोधायला गुगलच्या चौकटीत दोन शब्द टाकून खाली येणाऱ्या सूचना वाचाव्यात. ‘लोकांनी हेही विचारले’ हा भाग उघडत जावा. कोणता शब्द कधी जास्त शोधला जातो हे दाखवणाऱ्या गुगल ट्रेंड्सवर हंगाम पाहावा. शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो हे सांगणारे गुगलचे कीवर्ड प्लॅनर फुकट आहे, पण जाहिरातीवर खर्च नसलेल्या खात्याला ते ‘१०० ते १ हजार’ असे ढोबळ आकडे दाखवते, आणि मराठी शब्दांपुढे पुष्कळदा काहीच दिसत नाही. आकडा नाही म्हणून प्रश्न नाही असे समजू नये. कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर तासभर बसले, किंवा कंपनीच्या मदत क्रमांकावर येणारे प्रश्न मागून घेतले, तर साधनांत न दिसणारे शोधशब्द हाती येतात. पेरणीचा लेख जूनमध्ये टाकून उपयोग नाही. गुगलने पान वाचून जागेवर बसवायला वेळ लागतो, म्हणून तो एप्रिलमध्ये तयार हवा. हरभऱ्याचा ऑगस्टमध्ये.

तांत्रिक बाबींत दोन ठिकाणी मराठी लेखक फसतो. शीर्षक ६० अक्षरांचे असावे हा नियम रोमन लिपीपुरता. गुगल शीर्षक कापते ते रुंदी पाहून, तेव्हा देवनागरी शीर्षक मोबाइलवर डोळ्यांनी तपासावे आणि महत्त्वाचा शब्द आरंभी ठेवावा. दुसरे म्हणजे पानाचा पत्ता (यूआरएल). ‘सोयाबीन’ हा शब्द देवनागरीत ठेवला तर पत्ता कॉपी करताना त्याची टक्के-चिन्हांसह ६३ अक्षरे होतात, व्हॉट्सअॅपवर भली लांब न वाचता येणारी ओळ जाते आणि कोणी ती दाबत नाही. पत्ता रोमनमध्ये, छोटा ठेवावा. जुन्या कंपन्यांकडून मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटांत आला तर तो युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांना वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलून प्रत्येक जोडाक्षर तपासावे. न बदलता टाकलेला मजकूर शोधयंत्राला अर्थहीन रोमन अक्षरांसारखा दिसतो.

ग्राहक अजून ‘कीवर्ड टॅग’ (पानाच्या कोडमध्ये दडलेली शोधशब्दांची यादी) भरून मागतात. गुगलने २००९ मध्येच तो विचारात घेत नसल्याचे जाहीर केले आहे. शोधशब्द किती टक्के यावा याचेही ठरलेले प्रमाण नाही.

शिकण्याचा क्रम

महागड्या कोर्सची गरज नाही. गुगलची एसईओविषयीची प्राथमिक मार्गदर्शिका फुकट आहे. ती वाचून ब्लॉगर किंवा वर्डप्रेसवर स्वतःचे संकेतस्थळ काढावे, गुगलचे सर्च कन्सोल हे साधन जोडावे आणि निवडलेल्या विषयावर दहा-बारा लेख टाकावेत. कोणत्या शब्दावर पान किती वेळा दिसले, कितींनी दाबले, सरासरी क्रमांक किती, हे तिथे दिसते आणि १६ महिन्यांची आकडेवारी राहते. पान पुष्कळदा दिसते पण दाबले जात नाही, याचा अर्थ शीर्षक फसले. क्रमांक ११ ते २० मध्ये अडकले असेल तर वरच्या दहा पानांत असलेले आणि आपल्याकडे नसलेले उत्तर शोधावे. तीन ते सहा महिने हे केले की दाखवायला खरे आकडे मिळतात. ग्राहक फुकट नमुना मागतो तेव्हा हेच पुढे ठेवावे. फुकट ‘ट्रायल’ लेख देऊ नये.

दर कसा काढावा

इथल्या भाषेत सांगायचे तर लेखन हे गुत्त्याचे (ठोक रकमेचे) काम आहे, पण गुत्त्याची रक्कम ठरवायला आपला रोज (दिवसाची मजुरी) आधी माहीत पाहिजे. समजा घराला महिना ३०,००० रुपये हवेत. इंटरनेट, इन्व्हर्टर, साधने आणि लॅपटॉपची झीज (४८,००० चा लॅपटॉप चार वर्षे चालला तर महिना १,०००) मिळून ४,००० होतात. आजारपण आणि कोरड्या महिन्यांसाठी ६,००० बाजूला. एकूण ४०,०००. दिवसाचे आठ तास बसले तरी पैसे मिळणारे तास चारच धरावेत. बाकीचे फोन, कोटेशन, वसुली आणि वीज जाण्यात जातात. २५ दिवसांचे १०० तास, म्हणजे तासाला ४०० रुपये.

आता १,२०० शब्दांचा एक तांत्रिक लेख. शोधशब्द आणि वरची दहा पाने वाचायला दीड तास, विषयाचे वाचन दोन, कंपनीच्या कृषितज्ज्ञाशी बोलणे एक, आराखडा अर्धा, लेखन तीन, आकडे पडताळणे एक, संकेतस्थळावर चढवणे अर्धा, ग्राहकाच्या दुरुस्त्या अर्धा. दहा तास झाले. लेखाचे ४,००० रुपये, म्हणजे शब्दामागे सुमारे ३ रुपये ३३ पैसे. कोणी शब्दाला ५० पैसे देऊ केले तर लेखाचे ६०० आणि तासाचे ६० रुपये पडतात. हा हिशेब तोंडी न मांडता कागदावर मांडावा. पहिल्या दहा लेखांचे तास वहीत नोंदवावेत. नवशिक्याला दहाऐवजी सोळा तास लागतील, पण जादा सहा ग्राहकाच्या माथी मारू नयेत.

शब्दामागे दर मराठीला मुळातच तोट्याचा आहे. ‘शेतकऱ्यांसाठीसुद्धा’ हा आपला एक शब्द, इंग्रजीत ‘फॉर द फार्मर्स टू’ असे चार. विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, म्हणून तोच आशय मराठीत कमी शब्दांत बसतो आणि बिल घटते. शिवाय शब्दांवर पैसे असले की लेखक पाणी घालतो आणि लेख बिघडतो. दर लेखामागे सांगावा. शब्दसंख्या ‘साधारण इतकी’ एवढीच लिहावी. महिन्याला चार लेख, दोन जुन्या पानांची दुरुस्ती आणि एक अहवाल असे बांधील काम मिळाले तर थोडी सूट द्यायला हरकत नाही.

पहिल्या क्रमांकाची हमी मात्र कधीही देऊ नये. क्रमांक गुगलच्या हाती, संकेतस्थळाच्या वेगावर आणि स्पर्धकांवर अवलंबून असतो.

करार, वसुली, कर

व्हॉट्सअॅपवरचे ‘ठीक आहे, करा सुरू’ पुरेसे नाही. ईमेलवर विषय, मुदत, दुरुस्तीच्या फेऱ्या (दोन पुरेत), चित्रे कोण देणार, माहिती देणारा माणूस कोण, नाव छापणार का आणि निम्मी रक्कम आगाऊ, हे लिहून घ्यावे. माहिती देणाऱ्या माणसाची वेळ न मिळणे हे लेख रखडण्याचे नेहमीचे कारण. त्यासाठी मुदत आपोआप पुढे जाईल अशी ओळ घालावी. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार स्वतंत्र लेखकाच्या लेखाचा हक्क साधारणपणे लेखकाकडे राहतो आणि तो लेखी दिल्यावरच जातो. ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क हस्तांतरित’ असे लिहावे.

उद्यम नोंदणी (सरकारकडे लहान उद्योग म्हणून नोंद) फुकट होते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म सेवा उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. स्मरणपत्रात ही तरतूद नम्रपणे लिहिली की अनेक बिले हलतात. कंपन्या व्यावसायिक शुल्कावर मर्यादेपुढे १० टक्के टीडीएस (बिलातूनच कापलेला आयकर) कापतात, तो आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या नावे जमा दिसतो का ते पाहावे आणि विवरणपत्र भरून जादा रक्कम परत मागावी. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. त्यानंतर लेखनाच्या बिलावर १८ टक्के कर येतो, तेव्हा ‘दर अधिक जीएसटी’ हे शब्द कोटेशनमध्ये पहिल्यापासून असू द्यावेत.

जुन्या लेखांची दुरुस्ती वेगळी आकारावी. विमा योजनेच्या अटी, बियाण्याचे वाण, हमीभाव दरवर्षी बदलतात. नव्या लेखाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात पान ताजे होते, कारण वाचन आणि आराखडा आधीच झालेला असतो.