सी-ओ-से-पोल की खाजू? इस्फहानचे दोन पूल

इराणमधल्या इस्फहानला जाऊन आलेल्यांचा एक फोटो ठरलेला असतो. रात्रीची वेळ, पिवळ्या उजेडातली कमानींची रांग, पाण्यात तिचं प्रतिबिंब आणि खाली ओळ : 'सी-ओ-से-पोल'. पुष्कळदा तो असतो दुसराच पूल, खाजू. आम्ही चौघं दोस्त तिथे हिंडलो, तेव्हा आमच्यापैकी एकाने पहिल्याच रात्री हाच घोळ घातला आणि ग्रुपवर दोन दिवस तो निस्तरत बसला. चूक समजण्यासारखी आहे. नदी एक, झायंदे रूद. विटांचा रंग एक, कमानींचा घाट एक, दोन्ही सफवी राजांच्या काळातले, दोन्हींवर आता गाड्यांना बंदी. अंतर दोनेक किलोमीटर, म्हणजे गप्पा मारत गेलं तर अर्धा-पाऊण तास.

आधी नावाचं बघू. 'पोल' म्हणजे पूल. आपला 'पूल' शब्द फारसीतूनच आलेला. मात्र तिथे मराठी थाटात 'पूल' असं लांबवून म्हणू नका, आजच्या फारसीत त्याचा अर्थ पैसे. पूल कुठे आहे म्हणून विचाराल आणि समोरच्याला वाटेल, हे पैसे मागताहेत. 'सी' म्हणजे तीस आणि 'से' म्हणजे तीन. थोडक्यात, सी-ओ-से-पोल म्हणजे तेहतीस कमानींचा पूल. खाजू हे मात्र शेजारच्या वस्तीचं नाव.

सी-ओ-से-पोल थोरला. शाह अब्बास पहिला याने राजधानी इस्फहानला आणली आणि शहराची नवी आखणी केली, त्यातला हा पूल. त्याचा सेनापती अल्लाहवर्दी खान, मूळचा जॉर्जियन, याच्या देखरेखीखाली १५९९ ते १६०२च्या सुमारास तो बांधला गेला, म्हणून त्याला अल्लाहवर्दी खानाचा पूल असंही म्हणतात. लांबी जवळपास ३०० मीटर. शहरातून चहार बाग नावाचा रुंद, झाडांचा रस्ता सरळ नदीवर येतो (हे नाव मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही), तो पुलावरून तसाच पलीकडे जातो. थोड्याच वर्षांत शाहने आर्मेनियन लोकांना आणून पलीकडच्या काठावर वसवलं, ती नवी जुल्फा. त्यांचं वांक कॅथेड्रल बघायला जाताना आजही हाच पूल सोयीचा.

हा पूल म्हणजे रस्त्याचाच एक तुकडा आहे, आणि वर चढलं की ते लगेच कळतं. दोन्ही बाजूंना उंच भिंती. मधून चालताना नदी दिसतच नाही! ती बघायची तर भिंतीतल्या दारांतून बाहेरच्या अंगाला यावं लागतं. तिथे कमानीकमानीत एकेक कोनाडा, आणि संध्याकाळी प्रत्येकात कुणी ना कुणी पाय सोडून बसलेलं. कोनाडा रिकामा मिळाला तर सोडू नये.

तिथून काठाकाठाने पूर्वेला निघायचं. वाटेत गाड्यांचा एक नवा पूल लागतो, मग एक बारीक जुना पूल, जूई किंवा चूबी. त्याला २१ कमानी. इथे आमच्यातला मोजणारा गडी पुन्हा बुचकळ्यात पडला, कारण पुढच्या खाजूला २३. तेव्हा कमानी मोजायच्या भानगडीत पडूच नका, पुलाचं मधलं बघा.

खाजूच्या बरोबर मध्यावर दोन्ही अंगांनी बाहेर आलेला अष्टकोनी मंडप आहे. शाहने बसून पाण्याची मजा बघावी म्हणून केलेला. सी-ओ-से-पोलला असं काही नाही. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा. खाजू बांधला शाह अब्बास दुसरा याने, १६५०च्या सुमारास. लांबी साधारण १३० मीटर, म्हणजे थोरल्याच्या निम्म्याहूनही कमी. पण करामत आहे ती खाली.

खाजू हा पूल आहेच, शिवाय बंधारा आहे. कोल्हापूरकडच्या माणसाला हे एका वाक्यात समजेल : राजाराम बंधारा डोळ्यांसमोर आणा. वरून वाहतूक, खाली दगडी खांब, खांबांमधल्या गाळ्यांत बरगे (आडव्या फळ्या) घातले की पाणी अडतं, काढले की सुटतं. खाजूच्या दगडी पायांमधून अरुंद पाट जातात आणि त्यांना दारं असत. दारं बंद केली की वरच्या अंगाला पाणी चढायचं, तळं व्हायचं आणि काठावरच्या बागांना मिळायचं. म्हणून याच्या दोन बाजू एकसारख्या नाहीत. पश्चिमेला, पाणी येतं तिकडे, दगडी टोकं धार फोडायला पुढे आलेली. पूर्वेला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, थेट घाटासारख्या. फोटोत पायऱ्यांवर माणसं बसलेली दिसली की तो खाजू, डोळे मिटून सांगावं.

या पायऱ्यांच्या आत, कमानींखाली, संध्याकाळी गाणी चालतात. माईक नाही, वाद्य नाही. एक पिकल्या मिशांचा माणूस खांबाला टेकून, एक हात कानाशी धरून सुरू करतो. विटांचं छत आवाज उचलून पुढच्या कमानीत नेऊन ठेवतं. ओळ संपली की भोवतीचे मान हलवतात, मग दुसरा कुणी धरतो. शब्द फारसे कळले नाहीत, तरी तासभर कुणी उठायचं नाव काढलं नाही. टोकाशी दगडी सिंह आहेत. रात्री पलीकडच्या टोकावरून पाहिलं तर त्यांचे डोळे चमकतात, असं लोक सांगतात. मला चमकल्यासारखे वाटले. दोस्तांनी माझी टिंगल केली.

एक गोष्ट जाण्याआधी माहीत असावी. फोटोतलं पाणी प्रत्यक्षात असेलच असं नाही. गेली वीसेक वर्षं झायंदे रूद इस्फहानमध्ये बरेच महिने कोरडी असते. दुष्काळ आहे, वरच्या अंगाला धरण आहे, शेती आणि कारखान्यांचा उपसा आहे, आणि दुसरीकडे वळवलेलं पाणीही आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये हजारो लोक याच खाजूजवळच्या कोरड्या पात्रात शेतकऱ्यांसाठी पाणी मागायला जमले होते. धरणातून पाणी सोडलं की अख्खं शहर ते बघायला काठावर येतं. एरवी सी-ओ-से-पोलखाली चिखल वाळून भेगाळलेला असतो आणि हंसाच्या आकाराच्या पायडलच्या होड्या जमिनीवर टेकलेल्या.

अशा दिवसांत थोरल्याचं काम अडत नाही, माणसं इकडून तिकडे जात राहतात. धाकट्याच्या पाटांत मात्र अडवायला काही उरत नाही. गाणारे तरीही येतात.