इंधनदाबाचा काटा नाचतोय? पंप मागवण्याआधी हे वाचा

(बेळगावच्या सांबरा विमानतळावर विमाने ठेवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

बेळगावचा पाऊस ओसरला की आम्हाला हमखास फोन येतो: "फ्युएल प्रेशर शून्य दाखवतंय, नवा पंप मागवा." जरा थांबा. इंजिन गुळगुळीत चालतंय आणि काटा मात्र शून्यावर, असं असेल तर बहुतेक वेळा बिघाड दाब मोजणाऱ्या सामानात निघतो. आमचे मिस्त्री पहिला प्रश्न हाच करतात, "काटा खोटं बोलूलाय की पंप?"

हा संशय फक्त जमिनीवर घ्यायचा. हवेत असताना काटा खराच धरा, विमानाच्या पुस्तिकेप्रमाणे बूस्ट पंप (विजेवर चालणारा जादा इंधनपंप) लावा, टाकी बदला आणि जवळच्या धावपट्टीवर उतरा. "सेन्सरच असेल" म्हणून पुढे जाऊ नका.

आधी आपल्या विमानाचा आकडा माहीत हवा. पाइपर चेरोकीसारख्या खालच्या पंखांच्या, कार्ब्युरेटरवाल्या विमानात ०.५ ते ८ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब चालतो. इंजेक्शनवाल्या लायकॉमिंग आयओ-३६० इंजिनाला साधारण १४ ते ४५ लागतो. वरच्या पंखांच्या, कार्ब्युरेटरवाल्या सेसना १७२ मध्ये पेट्रोल आपल्या वजनानेच खाली येते, तिथे हा काटाच नसतो. शेवटचा शब्द तुमच्या पुस्तिकेचा.

आता साधी परीक्षा. इंजिन बंद, मास्टर स्विच (विमानाची मुख्य वीज) चालू, बूस्ट पंप चालू. काटा नेहमीच्या जागी चढला, तर गेज आणि वायरिंग बहुधा ठीक आहे. मग इंजिन सुरू करून बूस्ट बंद केल्यावर काटा पडला, तर संशय इंजिनावरच्या पंपावर. त्याचा पडदा फाटला की ड्रेन नळीतून पेट्रोल गळते, कधी ते ऑइलमध्येही उतरते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर विमान तिथेच उभे ठेवा.

दोन्ही वेळा काटा मेलेला, पण इंजिन ठणठणीत असेल, तर सेंडरकडे, म्हणजे दाब मोजून गेजला संकेत पाठवणाऱ्या भागाकडे, वळा. एका टर्मिनलच्या सेंडरला अर्थिंग त्याच्या अंगातूनच मिळते. हौशी हाताने आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली की ते तुटते. सेंडरच्या अंगापासून इंजिनापर्यंत तात्पुरती वायर जोडा, काटा जागेवर आला तर दोष सापडला. पावसाळ्यात बंद राहिलेल्या विमानात कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढतो, तोही बघा. लँडिंग लाइट लावताच काटा हलत असेल, तर अर्थिंगच कुठेतरी सैल आहे.

काटा सावकाश चढत असेल, तर सेंडरकडे येणाऱ्या नळीच्या तोंडाशी असलेले बारीक छिद्राचे फिटिंग तुंबलेले असू शकते. ते साफ करा, पण छिद्र ड्रिलने मोठे करू नका. नळी तुटली तर पेट्रोलची धार आवरणारे तेवढेच एक फिटिंग आहे.

एवढे करूनही शंका उरली, तर इंधनाच्या नळीत टी-आकाराचा जोड बसवून खात्रीचा यांत्रिक गेज लावायचा आणि दोन्ही आकडे ताडून बघायचे. हे काम परवानाधारक अभियंत्यासमोरच, आग विझवायचे सिलिंडर हाताशी ठेवून. नंतर गळतीची तपासणी आणि लॉगबुकात त्यांची सही.

आमच्याकडे सामान पाठवताना गेज आणि सेंडर जोडीनेच पाठवा. नुसता गेज आला तर निम्मेच उत्तर मिळते. वायरी सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, आणि काटा नेमका केव्हा पडतो ते दोन ओळींत लिहून डब्यात टाका: इंजिन थंड की तापलेले, बूस्ट चालू की बंद, कोणत्या टाकीवर.