वितरण गुणांक (वर्णलेखन)

वर्णलेखनात (मिश्रणातील घटक वेगळे करण्याच्या पद्धतीत) एखादे संयुग स्थिर प्रावस्था (कॉलम म्हणजे नळी, तिच्यातील भरण) आणि चल प्रावस्था (त्यातून वाहणारा द्रावक) यांत कसे वाटले जाते, हे सांगणारी संख्या. स्थिर प्रावस्थेतील संहतीला (ठरावीक आकारमानातील राशीला) चल प्रावस्थेतील संहतीने भागले की ती मिळते. एकमेकांत न मिसळणाऱ्या द्रावकांमधील वाटपाचा नियम रसायनशास्त्रज्ञ नेर्न्स्ट यांनी १८९१ मध्ये मांडला. त्याच तत्त्वावर मार्टिन आणि सिंज यांनी १९४१ मध्ये विभाजन वर्णलेखन उभे केले. १९५२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले.

चालू कॉलममध्ये संहती मोजता येत नाही, वेळ मात्र मोजता येते. सोलापूर जिल्ह्यातून निर्यात होणाऱ्या डाळिंबात कीडनाशकांचे अवशेष शोधताना गणित असे चालते. समजा, कॉलममध्ये अजिबात न रेंगाळणारा पदार्थ १.५ मिनिटांनी बाहेर आला आणि अवशेषाचा पीक (आलेखावरचे शिखर) ७.५ मिनिटांना दिसला. फरक ६ मिनिटे, त्याला १.५ ने भागल्यावर ४ उरतात. हा धारण गुणांक. म्हणजे कोणत्याही क्षणी संयुगाचा ८० टक्के भाग भरणात आणि २० टक्के द्रावकात असतो. स्थिर प्रावस्थेचे आकारमान चल प्रावस्थेच्या पाव असेल, तर वितरण गुणांक १६ येतो. धारण गुणांक राशींचे गुणोत्तर आहे, वितरण गुणांक संहतींचे. विद्यार्थी इथेच सर्वाधिक गोंधळतात, म्हणून आकारमानांचे गुणोत्तर आधी लिहून घ्यावे हे उत्तम.

सी-१८ कॉलमवर (ज्याचे भरण तेलकट स्वभावाचे असते) कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लवकर सुटते, क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक बराच वेळ अडकून राहते. ऑक्टॅनॉल (तेलकट द्रावक) आणि पाणी यांतील वाटपात पहिल्याचा गुणांक सुमारे ३०, तर दुसऱ्याचा ५० हजारांच्या आसपास आहे. हे आकडे कॉलमवर जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण कोण आधी येणार याचा अंदाज त्यांवरून बांधता येतो. द्रावकातील मिथेनॉल १० टक्क्यांनी वाढवले, तर धारण गुणांक साधारण दोन ते तीन पटींनी घटतो.

हा गुणांक तापमानावरही अवलंबून असतो. कॉलम एक अंशाने तापला की धारण सहसा १ ते २ टक्क्यांनी कमी होते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो. कॉलम ओव्हन नसेल तर सकाळी घेतलेल्या प्रमाण द्रावणाचा पीक आणि दुपारच्या नमुन्याचा पीक एकमेकांवर बसत नाहीत. म्हणून कॉलम ३५ किंवा ४० अंशांवर स्थिर ठेवतात, आणि खोलीचे तापमान त्याहून वर जाऊ नये म्हणून वातानुकूलनही लागते.