व्हॉल्व्हच्या पोटातला लाल पारा

गेल्या उन्हाळ्यात जिंतूरकडचा एक तरुण पोत्यात गुंडाळलेला रेडिओ घेऊन परभणीत माझ्या दारात उभा राहिला. आजोबांचा रेडिओ. माळवदाच्या घरात कोनाड्यात पडून होता, त्यामुळे वरून गळलेली पांढरी माती पार आतल्या पत्र्याच्या सांगाड्यापर्यंत पोचलेली. डायलची दोरी उंदरांनी खाल्लेली. मला वाटलं, दुरुस्त करून हवा असेल. पण त्यानं आवाज खाली आणला, "काका, ह्याच्यात लाल पारा असतो म्हणे. तेवढा काढून द्या, अर्धे तुमचे."

हे लाल पाऱ्याचं पिल्लू जुनंच आहे. २००९ साली सौदी अरेबियात जुन्या शिलाई मशीनमध्ये लाल पारा असल्याची अफवा उठली आणि लोकांनी मोडकी मशीनं वाटेल त्या भावानं घेतली. आपल्याकडे ती जुन्या रेडिओ-टीव्हीवर येऊन बसली. मोबाइलवरच्या व्हिडिओत सांगतात की या पाऱ्याचं आरशात प्रतिबिंब दिसत नाही, तो लसणापासून पळतो आणि सोन्याकडे ओढला जातो. पाऱ्याचा लाल पदार्थ जगात आहे, नाही असं नाही. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधकाचं संयुग, काष्ठौषधीच्या दुकानदाराला ठाऊक असतं. त्यासाठी आजोबांचा रेडिओ फोडायची गरज नाही.

पोराला हसणारच होतो, पण त्यानं आतल्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या रेडिओतल्या बंद काचेच्या नळीच्या, डोक्यावर बोट ठेवलं. "मग हे काय चकाकतंय?"

प्रश्न रास्त होता. काचेच्या आतून आरशासारखा चंदेरी डाग होता, नेमका पाऱ्यासारखा दिसणारा. तो पारा नव्हे, बेरियम. त्याला गेटर म्हणतात आणि अख्ख्या रेडिओत माझा सर्वांत जीव त्याच्यावर आहे.

व्हॉल्व्हमध्ये विकण्यासारखी गोष्ट एकच असते: पोकळी, म्हणजे हवा काढून घेतलेली जागा. मधे एक बारीक नळी, कॅथोड. तिच्यावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पांढुरका लेप. आतल्या तारेनं ती सातशे-आठशे अंशांपर्यंत तापली की लेपातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. नुसत्या टंगस्टनकडून हेच काम करून घ्यायचं तर दोन हजारांच्या वर तापवावं लागतं, म्हणून तो लेप फार मोलाचा. इलेक्ट्रॉन निघतात ते बाहेरच्या धन पत्र्याकडे, म्हणजे अॅनोडकडे धावतात. वाटेत तारेची विरळ जाळी असते. जाळीवर थोडा ऋण विद्युतदाब दिला की धाव मंदावते, कमी केला की वाढते. जायकवाडीच्या २७ दरवाजांचं बटण दाबायला बोटाचा जोर पुरतो, गोदावरीचं पाणी मात्र खाली वाहतं; तसा अँटेनातून आलेला इवलासा संकेत जाळीवर बसून मोठा प्रवाह हलवतो.

आता या वाटेत हवा नको. आपल्या भोवतीच्या हवेत एक रेणू दुसऱ्याला धडकण्याआधी सरासरी फक्त ७० नॅनोमीटरच्या आसपास जातो. म्हणून पंपानं हवा ओढून दाब वातावरणाच्या साधारण एक अब्जांशावर आणतात. तिथे हीच वाट कित्येक मीटर लांब होते आणि व्हॉल्व्हच्या आत ओलांडायचं अंतर तर काही मिलिमीटरच. झालं? नाही झालं. एवढं ओढूनही दर घनसेंटीमीटरला अब्जावधी रेणू उरतातच. शिवाय काच आणि धातू आपल्या अंगातला वायू वर्षानुवर्षं सोडत राहतात. पंप तर कारखान्यातच राहिला.

म्हणून काच सील केल्यावर बाहेरून एक वेटोळं आणतात आणि उच्च वारंवारतेच्या विजेनं आतली छोटीशी कडी लालभडक तापवतात. कडीतल्या बेरियमची वाफ होते आणि ती काचेवर जाऊन बसते. तोच तो चंदेरी डाग. बेरियमला ऑक्सिजनची भूक इतकी की चुकार रेणू आपटला की तिथेच अडकतो. वीज नाही, हलणारा भाग नाही, आणि पन्नास-साठ वर्षं हा पंप चालूच!

तो थकला तर काय होतं ते जरा किचकट आहे, पण सांगतोच. उरलेल्या रेणूला धावता इलेक्ट्रॉन धडकला की रेणूचा एक इलेक्ट्रॉन उडतो आणि मागे धन आयन राहतो. तो उलट दिशेनं निघतो. काही आयन कॅथोडच्या लेपावर आदळून तो खरवडतात. काही ऋण जाळीवर जातात. जाळीला जोडलेल्या रोधातून (रेझिस्टरमधून) उलटा प्रवाह वाहतो, जाळीचा ऋण विद्युतदाब घटतो, त्यामुळे अॅनोडचा प्रवाह वाढतो, पत्रा तापून आणखी वायू सोडतो, त्यातून आणखी आयन. शेवटी पत्रा लाल होतो. गंमत अशी की १९०६ साली जाळीचा व्हॉल्व्ह काढणाऱ्या ली डी फॉरेस्टला वाटत होतं, आत थोडा वायू हवाच. १९१३च्या सुमारास अमेरिकी शास्त्रज्ञ लँगम्युअरनं आतली हवा आणखी ओढून दाखवली, तेव्हा कुठे हे प्रकरण भरवशाचं झालं.

पाऱ्याची वाफ भरलेले व्हॉल्व्हही होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ते ट्रान्समीटरसारख्या मोठ्या यंत्रात, वीज एकदिश करायला. घरच्या साध्या रेडिओत सहसा नव्हेत.

जुना रेडिओ हाती आला की मी मल्टिमीटर नंतर काढतो, आधी डाग पाहतो. चंदेरी, तपकिरी, काळसर असेल तर हरकत नाही. दुधासारखा पांढरा झाला की समजायचं, काचेला चीर गेली, हवा शिरली, बेरियमचं ऑक्साइड झालं. आणि कृपा करून थेट प्लग लावू नका. कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, वाळलेले असतात. जाळीकडचा एखादा वीज गळणारा निघाला तर चांगला व्हॉल्व्हही घेऊन मरतो. मी आधी साठ वॅटच्या बल्बच्या सिरीजमध्ये लावतो. बल्ब भक्क पेटला की बंद.

पोराच्या रेडिओत पाचपैकी चार चंदेरी होते. शेवटचा, आवाज देणारा ईएल८४, पांढराफटक. हा गिटारच्या अँप्लिफायरमुळे आजही नवा बनतो. माझ्या डब्यात एक होता. तीन कंडेन्सर बदलले, दोरी ओवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेट लावला. वीसेक सेकंद काहीच नाही, मग आतून नारिंगी उजेड, मग शेजारच्या एलईडी दिव्यांची घरघर आणि तिच्यामागून हळूहळू माणसाचा आवाज. कुठलं केंद्र ते कळेना, पण पोरगं खाली वाकून काचेतल्या उजेडाकडेच बघत बसलं.

निघताना त्यानं रेडिओ पोत्यात घातला आणि टेबलावरचा तो पांढरा झालेला ईएल८४ हळूच उचलला.

"हा तेवढा नेऊ का?"

"त्यात काही नाही रे. आता तर हवा आहे."

त्यानं तो रुमालात बांधून खिशात ठेवला. "सांगता येत नाही, काका."