जलतरंगाचा कप आणि कॉफीचा मग

चिनी मातीचे भांडे, आत द्रव आणि बाहेरून टकटक, एवढे साम्य असल्यामुळे जलतरंगाचा स्वर आणि कॉफी ढवळल्यावर मगातून चढत जाणारा स्वर एकाच कारणाने निर्माण होतात, असा समज पुण्यातल्या गाणे ऐकणाऱ्या घरांतही सहज होऊ शकतो. प्रत्यक्षात पहिल्यात भांडे वाजते आणि दुसऱ्यात द्रव.

जलतरंगात काडीचा आघात काठावर होतो, भांड्याची भिंत किंचित आत-बाहेर वाकत कंप पावते आणि तिला लागून असलेले पाणीही तिला आपल्याबरोबर हलवावे लागते. पाणी वाढले की हे ओझे वाढते आणि स्वर उतरतो. वादक पाणी घालून-काढून स्वर लावतो तो याच आधारावर.

कॉफीचे प्रकरण अधिक मजेदार आहे. तुळशीबागेत मिळतो तसा जाड मग घ्यावा, गरम पाण्यात इन्स्टंट कॉफीची पूड टाकून ढवळावे आणि चमचा बाहेर काढून मगाच्या तळाशी बोटाच्या पेराने ठोकत राहावे (काठावर ठोकल्यास भांड्याचा स्वतःचा नाद मिसळतो आणि कान फसतो). सुरुवातीचा बसका 'ठब्ब' पाहता पाहता चढत जातो, आणि पातळी तर तसूभरही बदललेली नसते. पुडीबरोबर आत गेलेली हवा आणि तापलेल्या पाण्यातून सुटणारा वायू यांचे बारीक बुडबुडे द्रवभर पसरलेले असतात. हे मिश्रण जवळपास पाण्याइतकेच जड, पण दाबले असता पाण्यापेक्षा कितीतरी अधिक दबणारे असते. ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे १४८० मीटर आणि हवेत सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. पाण्यात जेमतेम १ टक्का हवा बुडबुड्यांच्या रूपाने मिसळली, तर तो वेग शंभर-सव्वाशे मीटरवर, म्हणजे हवेतल्यापेक्षाही खाली येतो. ठोकल्यावर कंप पावतो तो द्रवाचा उभा स्तंभ, आणि त्याचा स्वर द्रवाच्या उंचीवर आणि त्यातल्या ध्वनिवेगावर ठरतो. उंची तीच आणि वेग घटलेला, म्हणून स्वर खर्जाकडे जातो. बुडबुडे वर येऊन फुटू लागले की वेग वाढतो आणि त्याबरोबर स्वरही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक क्रॉफर्ड यांनी १९८२ मध्ये याचे विवेचन प्रसिद्ध केले.

कॉफी निवते म्हणून स्वर चढतो, हे स्पष्टीकरण मात्र टिकत नाही. ८० अंशांवरून ६० अंशांपर्यंत निवताना पाण्यातला ध्वनिवेग १ टक्काही बदलत नाही, आणि षड्जावरून नुसत्या कोमल ऋषभापर्यंत, म्हणजे लगतच्या वरच्या स्वरापर्यंत, जायलाही वेगात सुमारे ६ टक्के वाढ लागते. शिवाय मग पुन्हा ढवळला, तर कॉफी आणखी निवलेली असूनही नवे बुडबुडे सुटतात आणि स्वर परत खाली येतो.