क्लिम्टचं सोनेरी चित्र बोटांखाली

व्हिएन्नातल्या बेल्व्हेदेअर संग्रहालयात ऑस्ट्रियन चित्रकार गुस्टाव्ह क्लिम्टचं ‘द किस’ हे मिठीतल्या जोडप्याचं चित्र आहे. १९०७-०८ सालचं हे चित्र १८० सेंटिमीटर लांब आणि तेवढंच रुंद आहे. २०१६ मध्ये या संग्रहालयात त्याची एक उठावप्रत, म्हणजे आकार उंचसखल कोरलेली प्रत आली, सुमारे ४२ सेंटिमीटर लांबी-रुंदीची. अंध प्रेक्षकांनी हात लावून पाहावी यासाठीच ती तयार केली आहे.

एवढं मोठं चित्र इतकं लहान का केलं? नजर एका झटक्यात अख्खं चित्र टिपते. स्पर्शाला ते तुकड्यातुकड्याने जोडावं लागतं. मूळ आकाराच्या फलकावर पाय सापडेपर्यंत वरचं डोकं कुठे होतं हेच निसटून जाईल. दोन्ही हातांच्या टप्प्यात मावेल तेवढंच चित्र मनात एकसंध उभं राहतं.

पण लहान करण्याची किंमतही मोजावी लागते. दोन टोकं वेगवेगळी जाणवायला बोटाच्या पेराला त्यांच्यात साधारण दोन मिलिमीटर अंतर लागतं. ब्रेल अक्षरातले शेजारचे ठिपके सुमारे अडीच मिलिमीटरवर असतात, ते म्हणूनच. क्लिम्टची एक सेंटिमीटरची नक्षी या प्रतीत जेमतेम सव्वादोन मिलिमीटरची होते, म्हणजे अगदी बोटाच्या मर्यादेवर येते. त्याहून बारीक जे काही आहे, ते एक तर मोठं करायचं किंवा सोडून द्यायचं. माझ्या मते बेधडक सोडून द्यावं. सगळंच ठेवलं तर बोटाला नुसता खरखरीत पृष्ठभाग लागतो, चित्र लागत नाही.

मग प्रश्न येतो खोलीचा. सपाट चित्रात खोली नसतेच, ती आपला मेंदू छायाप्रकाशावरून ताडतो. उजळ भाग उंच आणि गडद भाग खोल असा सरसकट नियम संगणकाला दिला, तर सावलीतल्या गालाला खड्डा पडेल. म्हणून आधी माणसाने ठरवायचं, की कोण पुढे आहे आणि कोण मागे. चित्राचे त्याप्रमाणे थर पाडायचे, प्रत्येक थराला गोलाई द्यायची, वर नक्षीचा पोत चढवायचा आणि मग यंत्राने ते कोरून काढायचं. चेहऱ्यांवर विशेष मेहनत लागते, कारण नाकाची उंची थोडी चुकली तरी बोटाला ते लगेच कळतं.

या चित्रात एक गोष्ट स्पर्शाला फार अनुकूल आहे. दोन देह सोन्याच्या एकाच झळाळीत मिसळून गेलेत, पण पुरुषाच्या झग्यावर काळे-पांढरे आयत आहेत आणि स्त्रीच्या वस्त्रावर गोल, फुलांसारखे आकार. बोट आडवं फिरवलं की टोकदार कडा संपून वळणं सुरू होतात आणि इथे दुसरी व्यक्ती आहे हे समजतं. सुझन लेडरमन आणि रॉबर्टा क्लॅट्झकी या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये हाताच्या अशा हालचालींची मांडणी केली. पोत जाणून घ्यायला आपण बोट आडवं घासतो, नेमका आकार कळायला कडेकडेने फिरवतो. थबकलेल्या बोटाला फार थोडं कळतं.

मेंदूही यात मागे नाही. लहानपणीच दृष्टी गेलेली माणसं ब्रेल वाचतात तेव्हा त्यांच्या मेंदूचा एरवी दृष्टीसाठी राबणारा भाग सक्रिय होतो, असं १९९६ मध्ये नोरिहिरो सादातो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं.

तरीही नुसता उठाव हाती देऊन भागत नाही. स्त्रीचे डोळे मिटलेले आहेत, पावलांची बोटं फुलांच्या हिरवळीच्या कडेला रुतली आहेत, पुरुषाचा चेहरा जवळजवळ झाकलेला आहे, हे कुणी सांगितलं तर बोट ते शोधू शकतं. सोन्याचा रंग तर शब्दांतच सांगावा लागतो. इटलीत बोलोन्याला अंधांसाठीच्या कावात्सा संस्थेत १९९९ पासून आन्तेरोस हे स्पर्शसंग्रहालय आहे. तिथे मोनालिसासारख्या चित्रांचे हाताने घडवलेले उठाव आहेत आणि पाहणाऱ्याच्या सोबत बोलणारा माणूस असतो.

व्हिएन्नातल्या व्हीआरव्हिस या संशोधन संस्थेने हे काम आवाजावर सोपवून पाहिलं. उठावाच्या वर खोली मोजणारा कॅमेरा बसवला आणि हात कुठे आहे ते तो कॅमेरा पाहतो. दोन्ही हात मोकळेपणाने फिरत असले की यंत्र गप्प राहतं. एक बोट रोखून दाखवलं की त्या जागेबद्दल बोलायला लागतं. यात मला सगळ्यात पटलं ते त्याचं गप्प राहणं, कारण बोटं शोधत असताना मध्येच कुणी बोललं तर हाताखालचा धागा तुटतो.